अनुदान कसणाऱ्याला की सातबाऱ्याला?

शेतकऱ्याला सरकारने मदत द्यावी की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे. परंतु दिलेली मदत अखेरीस कोणाच्या पदरात पडते, या प्रश्नाचा विचार त्या मानाने फारच थोडा होतो. या बाबतीत अमेरिकेतील ग्रामीण काउंट्यांचा अनुभव उद्‌बोधक आहे.

महामंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा रूझवेल्ट सरकारने १९३३ साली कृषी समायोजन कायदा केला. जो पेरा कमी करील त्याला पैसे, हे त्याचे सूत्र. करार जमीनमालकाशी होई आणि कुळाचा हिस्सा मालकाने द्यावा, अशी अपेक्षा असे. दक्षिणेतील कापसाच्या पट्ट्यात कित्येक मालकांनी तो दिलाच नाही. उलट पेरा घटल्यामुळे वाटेकरीच नकोसे झाले व अनेकांना जमिनीवरून उठावे लागले. याच असंतोषातून १९३४ साली आर्कान्सा राज्यातील पॉइन्सेट काउंटीत गोऱ्या व कृष्णवर्णीय कुळांनी एकत्र येऊन आपली संघटना उभारली. ज्याच्यासाठी मदत होती, त्यालाच मदतीविरुद्ध संघटित व्हावे लागले!

त्यानंतर कायदे अनेकदा बदलले; मूळ दोष मात्र पुरता गेला नाही. २०१४ च्या कायद्याने सुरू झालेल्या दोन प्रमुख योजनांत रक्कम ठरते ती जमिनीच्या नावे पूर्वी नोंदलेल्या ‘आधार एकरां’वरून. ते पीक यंदा पेरले नसले तरी चालते. त्यांपैकी एका योजनेत संपूर्ण काउंटीचे सरासरी उत्पन्न पाहिले जाते. साहजिकच एखाद्याचे शेत गारपिटीने झोपले, पण काउंटीत सुबत्ता असली, तर त्याला काहीच मिळत नाही. आणि काउंटी बुडाली असता ज्याचे पीक तरले, त्यालाही पैसे मिळतात. २०१८ मध्ये चीनने अमेरिकेच्या सोयाबीनवर वाढीव आयातशुल्क बसविले, तेव्हा नुकसानभरपाईची योजना आली. २०१९ मध्ये तिचा दरही काउंटीनिहाय, एकरी १५ ते १५० डॉलर असा ठरविण्यात आला. म्हणजे सीमारेषेच्या अलीकडे एक दर व पलीकडे दुसरा! शिवाय रक्कम एकरांवर अवलंबून असल्याने, कमाल मर्यादा असूनही, मोठ्या शेतांकडे मोठा वाटा जाणे क्रमप्राप्तच होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. जमिनीचा पुरवठा वाढत नाही. तेव्हा जमिनीला चिकटलेले उत्पन्न कालांतराने खंडात व जमिनीच्या किमतीत मिसळते, हे रिकार्डोच्या खंडसिद्धांतावरून सहज कळते. आयोवा राज्यात निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते. तेथे अनुदानाचा धनादेश कसणाऱ्याच्या नावे निघाला, तरी पुढचा करार करताना मालक त्याचा हिशोब धरणारच. नव्याने शेती करू पाहणाऱ्या तरुणाला तर हे अनुदान महागड्या जमिनीच्या रूपानेच भेटते.

आपण याहून वेगळे काय करीत आहो? २०१९ साली सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये मिळतात, ते जमीनधारकाला. बटईने किंवा खंडाने शेत कसणारा, बियाण्यासाठी कर्ज काढणारा आणि पाऊस हुकला तर बुडणारा माणूस सातबाऱ्यावर नसतो. म्हणून तो शेतकरीही नसतो. १९४८ च्या कूळकायद्याने लाखो कुळांना न्याय दिला, हे निर्विवाद. परंतु त्याच कायद्याच्या धास्तीने आज मालक लेखी करार टाळतात, हेही तितकेच खरे आहे.

यावर उपाय अवघड असला तरी अशक्य नाही. मालकी अबाधित राहील अशी हमी देऊन खंडाचे करार नोंदविण्याची मुभा द्यावी. पीकपाहणीत प्रत्यक्ष कसणाऱ्याचे नाव यावे आणि मदत त्या नावावर जावी. तेवढ्याने खंडवाढ थांबेल असे नाही. पण संकटाच्या वर्षी मदत निदान नुकसान सोसणाऱ्याच्या घरी पोहोचेल. अनुदानाची रक्कम किती असावी यावर वाद खुशाल चालू राहो. परंतु नांगर ज्याच्या हाती आहे, त्याचे नाव सरकारी कागदावर येईपर्यंत ती रक्कम दुप्पट केली, तरी ती चुकीच्याच दारी दुप्पट पोहोचेल.