वन्य संपदेचे शाश्वत संकलन : मत्स्यविज्ञान व भूसंवर्धन यांचा समन्वय

प्रस्तावना : मासे, मध, आवळा ही निसर्गात वाढणारी आणि मनुष्य काढून नेत असलेली संपदा होय. तिच्या व्यवस्थापनात दोन प्रश्न उद्भवतात : किती काढावे, आणि ती जेथे वाढते तो अधिवास कसा राखावा? पहिल्याचा विचार प्रामुख्याने मत्स्यविज्ञानाने केला, तर दुसऱ्याचा भूसंवर्धनाने. हे दोन्ही विचार परस्परांस पूरक आहेत.

मत्स्यविज्ञानाची दृष्टी : शेफर यांच्या १९५४ मधील प्रतिमानानुसार एखाद्या प्रजातीचा साठा अधिवासाच्या धारणक्षमतेच्या निम्मा असताना त्याची वार्षिक वाढ सर्वाधिक असते. साठा हे मुद्दल आणि वाढ हे व्याज. केवळ व्याज काढल्यास मुद्दल टिकते. जाळ्याच्या आसाचे किमान माप, माशाचा किमान आकार आणि पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारीबंदी ही मुद्दल राखण्याची साधने होत. तथापि या प्रतिमानात धारणक्षमता स्थिर मानली जाते. प्रत्यक्षात अधिवास खालावला की तीही घटते आणि कालचे व्याज आज मुद्दल ठरते.

भूसंवर्धनाची दृष्टी : भूसंवर्धन अधिवास राखते, परंतु संकलनास अनेकदा केवळ हानी समजते. कर्नाटकातील बिळिगिरिरंगन टेकड्यांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तेथील सोलिगा आदिवासी पिढ्यान्पिढ्या आवळा गोळा करीत. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीनंतर अभयारण्यातील विक्रीसाठीच्या संकलनावर बंदी आली. मात्र आवळ्याच्या ऱ्हासाला फळतोडीपेक्षा बांडगूळ आणि घाणेरी अधिक कारणीभूत असल्याचे अभ्यासांतून दिसले. सोलिगा फळे काढताना झाडावरील बांडगूळही छाटत असत. संकलन थांबताच ही निगाही थांबली. घाणेरीचे रान माजण्यामागे पारंपरिक हलक्या वणव्यांवरील बंदी हे एक कारण असल्याचे सोलिगांचे म्हणणे आहे. २०११ मध्ये त्यांना वनहक्क कायद्यान्वये सामूहिक हक्क मिळाले.

समन्वय : यावरून असे दिसते की, संकलनाची मर्यादा आणि अधिवासाची स्थिती यांची नोंद एकत्र ठेवली पाहिजे. फळे किती निघाली, रोपे किती रुजली, बांडगूळ किती वाढले, हे दरवर्षी पाहून पुढील वर्षाची मर्यादा ठरवावी आणि काही क्षेत्रे आळीपाळीने विश्रांतीस ठेवावीत. ही नोंद संकलकांच्या सहभागाशिवाय होणे कठीण आहे.

निष्कर्ष : अधिवासाचा विचार न करता ठरविलेली मर्यादा फसवी ठरते, तर संकलकास वगळून केलेले संरक्षण अधिवासाची निगा राखणारे हातच गमावते.