करार आणि ‘गड्या’

प्रीतीची वाट : लेखांक ७

अणदूरच्या खंडोबाचा मुक्काम दोन गावांत असतो. सव्वादहा महिने देव आमच्याकडे, पावणेदोन महिने नळदुर्गला. मूर्ती एकच. ती पालखीतून जाते, पालखीतून परत येते, आणि त्यासाठी दोन्ही गावांचे मानकरी एकत्र बसून करार करतात. हे पाहत मोठ्या झालेल्या माणसाला ‘करार’ हा शब्द कोर्टकचेरीचा वाटत नाही. देवासमोर दिलेला शब्द, असाच तो आम्हाला माहीत आहे.

म्हणूनच मागच्या लेखांकानंतर गावातल्या एका वयस्क वाचकांनी विचारलेला प्रश्न आठवडाभर डोक्यातून गेला नाही. ते म्हणाले, “ख्रिस्ती लोकांचा देव बिनशर्त प्रेम करतो असं तुम्ही लिहिलंत. मग त्यांच्या पुस्तकाचं नाव ‘नवा करार’ कसं? करार म्हटला की अटी आल्याच की.”

प्रश्न खरा आहे. आजचा लेखांक त्यांच्यासाठीच.

आधी शब्दाकडे पाहू. नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. तिथला शब्द आहे ‘दियाथेके’. त्याचा एक अर्थ करार आणि दुसरा अर्थ मृत्युपत्र. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायात हे दोन्ही अर्थ एकमेकांत गुंफलेले आहेत. करारात दोन माणसं अटी घालतात. मृत्युपत्रात एकच माणूस बोलतो. ज्याला मिळायचं त्याची सहीसुद्धा लागत नाही. मरणाऱ्यानं देऊन टाकलेलं असतं.

जुन्या करारात ही गोष्ट याहून ठसठशीत आहे. त्या काळी करार पक्का करताना जनावरांचे दोन भाग करून समोरासमोर ठेवत आणि करार करणारे त्यांच्या मधून चालत जात. शब्द मोडला तर माझी गतही अशीच होवो, हा त्याचा अर्थ. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहाम अशी तयारी करून बसतो. (तेव्हा त्याचं नाव अब्राम आहे.) सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागते आणि अंधारात धुमसती भट्टी व जळती मशाल त्या तुकड्यांच्या मधून जाते. म्हणजे देव जातो. अब्राहाम झोपलेलाच आहे. करार दोघांचा, पण मोडल्याचा दंड सोसायला एकच जण पुढे आलेला. ख्रिस्ती परंपरा क्रूसाकडे पाहते तेव्हा तिला हीच रात्र आठवते.

तरी आमचे वाचक इथे थांबणार नाहीत, आणि थांबूही नये. कारण योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो, की यापुढे मी तुम्हांला दास म्हणणार नाही, तुम्ही माझे मित्र आहात. आणि त्याच दमात एक ‘जर’ येतो. मी सांगतो ते कराल तर. मग अट आलीच ना?

मला वाटतं, इथे क्रम पाहायला हवा. हे बोलणं शेवटच्या भोजनाच्या रात्रीचं आहे. दोनच अध्याय आधी, त्याच रात्री, येशूनं उठून, कमरेला रुमाल बांधून सगळ्यांचे पाय धुतले. काही तासांत धरून देणार असलेला यहूदाही तेव्हा तिथेच होता, आणि त्याचे पाय वगळल्याचं योहान सांगत नाही. पाय आधी धुतले गेले, ‘जर’ नंतर आला. आज्ञा पाळल्याची बक्षिसी म्हणून ही मैत्री मिळालेली नाही. मैत्री मिळालेली आहे, म्हणून आज्ञा. आणि ती आज्ञा तरी कोणती? मी केली तशी एकमेकांवर प्रीती करा. घरात वाढलेल्या लेकराला आई सांगते, घरातल्यासारखं वाग. लेकरू तसं वागलं नाही म्हणून त्याचं घर जात नाही; घराचं सुख मात्र त्याला मिळत नाही.

आपल्याकडे नवविधा भक्तीत आठवी सख्यभक्ती. दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आठवा समास तिच्यासाठीच आहे. समर्थांचं सांगणं असं, की देवाला जे आवडतं ते आपण करावं, त्याच्यासाठी आपलं सुख सोडावं, मग देवाशी सख्य जुळतं. भक्तानं देवाकडे चालत जाण्याची ही वाट फार सुंदर आहे. योहानाच्या त्या रात्री पाऊल उलट्या दिशेनं पडतं. गुरू खाली बसतो आणि शिष्याची टाच हातात घेतो.

पुढे बागेत यहूदा शिपायांना घेऊन येतो आणि मुका घेतो. मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायात येशू त्याला ज्या शब्दानं हाक मारतो, त्यासाठी आमच्या मराठी बायबलात एक शब्द आहे : गड्या. मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा पुढचं वाचता आलं नाही. मित्र, सखा, सोबती हे सगळे शब्द भाषेत होते. भाषांतरकाराला सुचला तो विटीदांडूच्या खेळातला, शेताच्या बांधावरचा, हाक मारायचा शब्द. धरून देणाऱ्यालाही गडी म्हणणं, बिनशर्त प्रीती म्हणतात ती ही. यहूदानं ती घेतली नाही. ती देऊ केलीच नव्हती, असं मात्र कुणाला म्हणता येणार नाही.

मराठी मुलखात ही प्रीती एका घरात दिसली. कवी नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं माहेरच्या माणसांत, दुःखात काढून पुन्हा नवऱ्याकडे आल्या. धर्म मात्र त्यांनी सोडला नव्हता. सोवळं वेगळं, पाणी वेगळं, चूल वेगळी. टिळक तापट होते, हट्टी होते, लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ते सांगायला नको. पण आपला विश्वास त्यांनी बायकोवर लादला नाही. तिच्या सोवळ्यासकट ती त्यांना हवी होती. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनानं, जातिभेद देवानं केलेला नाही हे स्वतःला पटल्यावर. वाट पाहणं हा प्रीतीचा सर्वांत अवघड भाग असावा. सेवा करता येते, त्याग करता येतो. समोरच्याच्या मनाला त्याच्या गतीनं चालू देणं भल्याभल्यांना जमत नाही.

या घरात पुढे त्र्यंबक बापूजी ठोमरे आला. जळगावच्या १९०७ च्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळालेला सतरा वर्षांचा मुलगा. टिळक तेव्हा पंचेचाळिशीत होते. नगरच्या त्या ख्रिस्ती घरात त्याला मुलासारखं ठेवून घेतलं गेलं. हळवा, रुसणारा पोर; लक्ष्मीबाईंनी त्याची समजूत काढायची, त्याला जेवायला घालायचं. तो ख्रिस्ती झाला नाही. तशी अटही त्या घरानं त्याला घातली नाही.

फुलांमुलांचे कवी म्हणून टिळकांना ओळखतात, आणि ठोमरेला तर ओढ्याकाठची सावलीसुद्धा जिवंत दिसायची. या दोघांना जवळ आणलं ते सौंदर्यानं. ख्रिस्ती साधनेत सौंदर्याला मोठा मान आहे, कारण ते फुकट मिळतं. पर्वतावरच्या प्रवचनात येशू रानातली फुलं दाखवतो आणि तिथेच पावसाचा दाखला देतो : पाऊस न्यायी माणसाच्या शेतावर पडतो तसा अन्यायी माणसाच्याही. तुळजापूर तालुक्यातल्या माणसाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. इथे पाऊस म्हणजे तूर, सोयाबीन, जनावरांचं पाणी, पोरांची फी. तो वैऱ्याच्या रानातही पडला तर तक्रार करायची नाही, हे शिकायला आयुष्य जातं. चांगल्या पावसात नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधबे कोसळू लागतात. बोरी नदीवर बांध घालून, त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बसवणाऱ्या कारागिरांना हेच दिसलं असेल का? पाण्याच्या भिंतीआड उभं राहिलं की कुणालाही आपली लायकी आठवत नाही. जे मिळतंय ते कमावलेलं नाही, एवढंच कळतं, आणि मन मऊ होतं.

पण ज्या सौंदर्याकडे बघतच राहावं, तेवढ्यावर ख्रिस्ती दृष्टी थांबत नाही. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला दुःखी सेवक देखणा नाही. लोक त्याच्याकडून तोंड फिरवतात. ख्रिस्ती भक्तांनी त्याच चेहऱ्यात सौंदर्य पाहिलं. म्हणून टिळकांच्या अभंगांतला ख्रिस्त माऊली होतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. घरात ठोमरेला जी जागा मिळाली होती, तीच आता अंगणभर झाली.

५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली ठोमरे गेला. अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ९ मे १९१९ ला टिळक गेले. त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं काव्य ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांपाशी थांबलं होतं. लग्नात ज्यांना अक्षरओळख नव्हती, ज्यांना टिळकांनीच लिहा-वाचायला शिकवलं, त्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि साठांहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ मध्ये त्याही गेल्या. ग्रंथ छापून आला १९३८ मध्ये.

पुढच्या लेखांकात : पंडिता रमाबाईंचं केडगाव आणि दुष्काळात उघडलेलं दार.