बिलाखालची ती एक ओळ

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' दुकान कापडाचे असो, भांड्यांचे असो की इलेक्ट्रॉनिक्सचे, बिलाच्या तळाशी ही ओळ बऱ्याचदा दिसते. शंभर-दोनशे रुपयांच्या खरेदीत तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण आता आमच्या कामतघरातही तीस-चाळीस हजारांचे स्पीकर घरी येऊ लागले आहेत. एवढी रक्कम कित्येक घरांत भिशीतून किंवा हप्त्यांतून उभी राहते. त्यामुळे ही ओळ पैसे देण्याआधीच वाचायला हवी.

भिवंडीभोवती ऑनलाइन कंपन्यांची मोठमोठी गोदामे आहेत. तिथून आलेली वस्तू पुष्कळदा परत करता येते, याची आपल्या मुलांना सवय झाली आहे. दुकानातही तसेच होईल असे ती गृहीत धरतात आणि फसगत होते.

स्पीकरच्या बाबतीत अडचण आणखी मोठी आहे. दुकानात आवाज घुमतो तो मोठ्या जागेत, दुकानदाराच्या ॲम्प्लिफायरवर आणि त्याने निवडलेल्या रेकॉर्डिंगवर. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत खाली लादी असते, भिंती कोऱ्या असतात आणि स्पीकर कपाटाशेजारी कोपऱ्यात बसतो. कोपऱ्यात ठेवला की खर्जाचा आवाज फुगतो, लादीवरून आवाज परततो आणि शब्द नीट कळत नाहीत. स्पीकर चांगला असूनही घराला मानवत नाही. म्हणून दोन तक्रारी वेगळ्या ओळखाव्यात : वस्तू सदोष निघणे आणि वस्तू न आवडणे.

पहिल्या तक्रारीत कायदा आपल्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे देण्यास नकार देणे, ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि मुदतच नसेल तर ३० दिवसांत माल परत घ्यायला हवा. नुसती ती ओळ छापून दुकानदाराची सुटका होत नाही. बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे.

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांचा अनुभव सांगतो. ते लूमवर काम करतात. भिशीचा नंबर लागला तेव्हा त्यांनी बेचाळीस हजारांचा संच घेतला. सहाव्या दिवशी एका स्पीकरमधून खरखर येऊ लागली. दुकानदाराने त्या ओळीवर बोट ठेवले. आपण शिकलेले नाही, आपले कोण ऐकणार, असे म्हणून ते गप्प बसणार होते. आम्ही त्यांना साध्या मराठीत अर्ज लिहून दिला : खरेदीची तारीख, दोष आणि ३० दिवसांची तरतूद. त्याची पोच घेतली. चार दिवसांत स्पीकर बदलून मिळाला.

दुकानदाराने ऐकले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपल्यासाठी तो ठाण्याला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

दुसऱ्या तक्रारीत मात्र, म्हणजे आवाज आवडला नाही तर, कायदा दुकानदारावर सक्ती करत नाही. ते रास्तही आहे. फोडलेला खोका नव्याच्या भावाने विकला जात नाही आणि तो तोटा छोट्या दुकानदाराने का सोसावा? इथे उपाय एकच : सौद्याआधी अट ठरवणे. आपल्या फिकहमध्ये याला 'खियार-ए-शर्त' म्हणतात. ठरावीक दिवसांत सौदा कायम करण्याचा किंवा मोडण्याचा अधिकार राखून खरेदी करता येते. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत आहे, शाफई मतही तेच. पश्चात्ताप झालेल्या ग्राहकाचा सौदा राजीखुशीने मोडून देणे याला 'इकाला' म्हणतात आणि हदीसमध्ये त्याचे मोठे पुण्य सांगितले आहे. आमचे जे वाचक स्वतः दुकानदार आहेत, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. मालातला ठाऊक असलेला दोष लपवून विकणे तर प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी स्पष्टपणे निषिद्ध ठरवले आहे.

तेव्हा दुकानात जाताना घरी नेहमी ऐकतो तेच रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये न्यावे. खोलीचे माप सांगावे. वॅटचा आकडा विचारताना 'आरएमएस' किती ते विचारावे. 'पीएमपीओ'चा भलामोठा आकडा फक्त जाहिरातीच्या कामाचा. खोका जपून उघडावा आणि थर्माकोल, पिशव्या टाकू नयेत. पैसे देण्यापूर्वी बिलावर एवढे लिहून घ्यावे : 'तीन दिवसांत पसंत न पडल्यास अमुक रक्कम कापून परत किंवा बदलून.' खाली सही आणि शिक्का. दुकानदार इतकेही लिहून द्यायला तयार नसेल, तर भिशीचे पैसे घेऊन पुढच्या दुकानात जावे.