हिरवळ कापताना पान राखा

घरात साखरपुडा होता. पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी अंगणातली हिरवळ नीटस दिसावी म्हणून मी गवत कापायच्या मशीनची उंची सर्वांत खालच्या खाचेवर आणली आणि तासाभरात सगळं गवत जमिनीलगत उतरवलं. महिना मेचा होता. संध्याकाळपर्यंत हिरव्याच्या जागी पिवळट काड्या दिसू लागल्या. जून उजाडला तेव्हा मधल्या उघड्या जागांतून लव्हाळ्याचे कोंब वर आले होते. पाणी रोज दिलं होतं, खतही वेळेवर पडलं होतं. चुकली होती ती कापणी.

हिरवळीबद्दल आपण बोलतो ते खत, पाणी आणि माती यांबद्दल. कापणीला मात्र दाढी-कटिंगसारखं समजतो: वाढलं की उतरवायचं. पण गवताला कापणी सोसते कशी हे समजलं, तर मशीन कोणतं घ्यायचं आणि कसं चालवायचं याची बहुतेक उत्तरं आपोआप मिळतात.

आंब्याची फांदी शेंड्याने वाढते. शेंडा खुडला की तिथली वाढ थांबते. गवताचं पान बुडाकडून वाढतं, आणि नवी पानं फुटतात तो कोंब जमिनीलगत दडलेला असतो. म्हणून गुरं चरून गेली तरी कुरण पुन्हा हिरवं होतं. मात्र गवताचं अन्न तयार होतं ते वरच्या हिरव्या पानात. ते किती शिल्लक राहिलं, यावर मुळं किती खोल जाणार हे ठरतं. पुढचे बरेचसे गैरसमज ही एक गोष्ट विसरल्यामुळे आले आहेत.

गैरसमज १ : जमिनीलगत कापलं की गालिचा होतो आणि पुन्हा लवकर कापावं लागत नाही.

वस्तुस्थिती : पान गेलं की गवत खोडात आणि मुळांत साठवलेलं अन्न खर्चून नवं पान काढतं. तेवढा काळ मुळांची वाढ थांबते. हे वारंवार झालं की मुळं उथळ राहतात, आणि उथळ मुळांची हिरवळ एप्रिल-मेमध्ये एक दिवस पाणी चुकलं तरी माना टाकते. शिवाय पानांची सावली हटल्याने जमीन तापते आणि तणाच्या बियांना हवा असतो तो उजेड मिळतो.

यावर जगभर पाळला जाणारा साधा नियम आहे : एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. हिरवळ ३ सेंटीमीटर राखायची असेल, तर ती साडेचार सेंटीमीटर झाली की मशीन काढायचं. ४ राखायची असेल तर ६ झाल्यावर.

राखायची उंची गवताच्या जातीवर ठरते. लॉनच्या दुकानात ‘बर्म्युडा’ नावाने मिळणारं साधं गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतकऱ्याला रानातून हटता हटत नाही ती चिवट हरळीच अंगणात आपल्याला हवी असते. घरच्या हिरवळीत ती अडीच ते चार सेंटीमीटर ठेवावी. सावलीत लावतात त्या रुंद पानांच्या गवताला चार-पाच सेंटीमीटर हवेत. झाडाखाली ऊन कमी पोचतं, म्हणून तिथे पान जास्त राखायचं. एकाच अंगणात उन्हातला आणि सावलीतला तुकडा असेल, तर मशीनची उंची मध्येच बदलायला हवी.

गोल्फच्या मैदानावरचं, छिद्राभोवतीचं गवत तीन-चार मिलिमीटर असतं, हे खरं. पण तिथे अमेरिकेतल्या टिफ्टन इथे पैदास झालेल्या टिफड्वार्फसारख्या मुद्दाम ठेंगण्या जाती असतात, जवळपास रोज कापणी होते आणि खत-पाण्यावर लक्ष ठेवायला पगारी माणसं असतात. त्या हिरवळीची उंची घरच्या हरळीला लावणं म्हणजे तिला उपाशी ठेवणं.

मशीनवरचे १ ते ५ हे आकडे सेंटीमीटर नसतात, हेही ध्यानात ठेवा. मशीन बंद करून, वायर किंवा बॅटरी काढून (पेट्रोलच्या मशीनला स्पार्क प्लगची टोपी काढून) सपाट फरशीवर ठेवा आणि फरशीपासून पात्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. प्रत्येक खाचेची उंची एकदाच लिहून ठेवली की काम झालं.

गैरसमज २ : कोरियन गवत कापावंच लागत नाही.

वस्तुस्थिती : नर्सरीत कोरियन किंवा मेक्सिकन म्हणून मिळणारं बारीक, मऊ पानांचं गवत बहुधा झॉयशिया प्रजातीतलं असतं. ते सावकाश वाढतं, म्हणून हरळीपेक्षा कमी वेळा कापावं लागतं. अजिबात कापलं नाही तर त्याचे उंचवटे होतात. दिसतात छान, पण आतली खोडं उजेडाविना तपकिरी पडतात. दोन-तीन वर्षांनी एकदम सपाट करायला गेलात तर हाती तपकिरी टेकाडंच येतात. अशा गवताला धारदार पात्याने, थोडं थोडं, पण नियमित कापायला हवं.

गैरसमज ३ : मशीन जितकं मोठं आणि ताकदीचं, तितकी कापणी चांगली.

वस्तुस्थिती : हिशेबच करून पाहू. अंगण १० बाय १० मीटर, म्हणजे साधारण १०७५ चौरस फूट. ३० सेंटीमीटर रुंदीचं मशीन घेतलं आणि प्रत्येक पट्टा शेजारच्यावर ५ सेंटीमीटर चढवला, तर ४० पट्टे होतात. एकूण चाल ४०० मीटर. ४५ सेंटीमीटरच्या मशीनने २५ पट्टे, २५० मीटर. मिनिटाला ५० मीटर चाललं तर आठ मिनिटं आणि पाच मिनिटं. या तीन मिनिटांसाठी जड, महागडं, कोपऱ्यात न वळणारं मशीन घेण्यात अर्थ नाही.

आकारापेक्षा कापण्याची पद्धत महत्त्वाची. सिलिंडर मोवरमध्ये फिरणाऱ्या पिळदार पात्यांचा पिंप आणि तळाशी एक स्थिर पातं असतं. दोघांत सापडलेलं पान कात्रीत सापडावं तसं कापलं जातं. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमधल्या एडविन बडिंगने १८३० मध्ये याचं पेटंट घेतलं. लोकरीच्या कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. हाताने ढकलायचं असं मशीन छोट्या, सपाट, वेळेवर कापल्या जाणाऱ्या हरळीसाठी उत्तम. वीज नाही, पेट्रोल नाही, आवाज जेमतेम. पण गवत उंच वाढलं की ते त्याच्यावरून नुसतं घसरतं, आणि खडा सापडला तर पात्याला खाच पडते.

रोटरी मोवरमध्ये एकच आडवं पातं जोरात फिरतं आणि पानाला फटक्याने तोडतं. पावसाळ्यातलं वाढलेलं गवत, थोडी उंचसखल जमीन, रुंद पानाच्या जाती यांना हेच बरं. विजेवरचं मशीन हलकं आणि देखभालीला सोपं, पण वायर सांभाळावी लागते. बॅटरीच्या मशीनला ती कटकट नाही. फक्त एका चार्जिंगमध्ये आपलं अंगण पुरं होतं का, हे विकत घेण्याआधी पाहावं. पेट्रोलचं मशीन मोठ्या आवाराला आणि वीज दूर असलेल्या फार्महाउसला योग्य. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. त्यामुळे मशीन महिनोन्‌महिने ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करून ठेवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात ते सुरू होताना त्रास देतं.

गैरसमज ४ : ब्रश कटर असला की मोवर लागत नाही.

वस्तुस्थिती : खांद्याला अडकवायचा ब्रश कटर बांधावरचं, उतारावरचं, झुडपांतलं गवत काढायला बनलेला आहे. त्याला चाकं नसल्यामुळे कापणीची उंची माणसाच्या हातावर अवलंबून. हात जरा खाली गेला की जमीन खरवडली जाते, वर गेला की झुपका राहतो. त्याला लावतात ती नायलॉनची दोरी पान कापण्याऐवजी झोडपते. दोन दिवसांनी टोकं पांढरट दिसतात. भिंतीकडेला, पायवाटेच्या काठाला, मोवर पोचत नाही तिथे दोरीचं यंत्र जरूर वापरा. मात्र ते झाडाच्या बुंध्याला लागू देऊ नका : कोवळ्या झाडाची साल सगळीकडून सोलली गेली तर झाड मरतं. बुंध्याभोवती हातभर जागा गवताविना ठेवून पालापाचोळ्याने झाकली की हा धोका टळतो.

गैरसमज ५ : मशीन कापतंय, म्हणजे पात्याला धार आहे.

वस्तुस्थिती : रोटरीचं बोथट पातंही गवत तोडतंच, कारण वेग असतो. पण तोडलेलं टोक फाटतं. त्यातून पाणी उडून जातं, टोक सुकून तपकिरी होतं आणि बुरशीजन्य रोगांना वाट मिळते. लांबून सगळी हिरवळ करपल्यासारखी दिसते आणि माणूस खत वाढवतो. कापणीनंतर दुसऱ्या दिवशी खाली वाकून चार पानं हातात घ्या. टोक सरळ असेल तर ठीक; दोरे निघाले असतील तर पातं धारवाल्याकडे न्या. वीस-पंचवीस तासांच्या कापणीनंतर धार लावावी. धार लावल्यावर पातं मधोमध खिळ्यावर अडकवून दोन्ही बाजू समतोल आहेत का, हे पाहावं; एक बाजू जड राहिली तर मशीन थरथरतं आणि बेअरिंग खराब होतं. सिलिंडर मोवरची धार कागदाचा कपटा घालून तपासता येते : पिंप उघड्या हाताने न धरता, जाड हातमोजे घालून, सावकाश फिरवा. कागद स्वच्छ कापला जायला हवा.

गैरसमज ६ : कापलेलं गवत तिथेच ठेवलं तर हिरवळ कुजते.

वस्तुस्थिती : ताज्या कापलेल्या गवतात सुमारे ८० टक्के पाणी असतं. एक तृतीयांशाचा नियम पाळला तर तुकडे एवढे छोटे असतात की ते पानांमधून खाली उतरतात, काही दिवसांत कुजतात आणि त्यातलं नत्र मातीला परत मिळतं. वर्षाच्या गरजेच्या पाव भागापर्यंत नत्र असं फुकट मिळू शकतं. हिरवळीच्या बुडाशी साचणारा स्पंजासारखा थर मुख्यतः खोडं आणि मुळं यांचा असतो; पानं लवकर कुजतात, त्यांचा त्यात वाटा थोडा. लांब गवत कापलं आणि त्याचे ओले गठ्ठे पडले, तर मात्र ते उचलायलाच हवेत, नाहीतर खालचं गवत पिवळं पडतं. हे गठ्ठे सुक्या पाल्याबरोबर थर देऊन खतखड्ड्यात टाका. तणनाशक मारलेलं गवत गुरांना घालू नका.

गैरसमज ७ : पावसाळ्यात गवत वाढू द्यावं, पाऊस गेल्यावर एकदाच उतरवावं.

वस्तुस्थिती : जुलै ते सप्टेंबर हा आपल्याकडे गवताच्या वाढीचा सर्वांत जोमदार काळ. हरळी तेव्हा पाच-सहा दिवसांनी कापणी मागते. उन्हाळ्यात पाण्यानुसार आठवड्या-दीड आठवड्याने, आणि थंडीत वाढ मंदावली की त्याहूनही उशिरा. म्हणून दर रविवारी कापायचंच, असं ठरवण्यापेक्षा उंची पाहून ठरवावं.

पावसाची झड लागून गवत १२ सेंटीमीटरवर गेलं, तर टप्प्याटप्प्याने खाली आणा : पहिल्या दिवशी ८, तीन-चार दिवसांनी साडेपाच, मग ४. कापणीसाठी उघडीप निवडा, पानं सुकू द्या. ओलं गवत लोळतं, मशीनच्या तोंडाशी चिकटतं, आणि काळ्या मातीत चाकांच्या चाकोऱ्या उमटतात. त्याच त्या दिशेने कापलं तर गवत एका अंगाला झुकतं आणि चाकं एकाच जागी माती दाबतात. दर वेळी दिशा बदला.

विजेचं मशीन ओल्या हिरवळीवर कधीच नको. एरवीही ते ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतूनच जोडलेलं असावं. वीज गळली तर हा स्विच क्षणात पुरवठा तोडतो. प्लगजवळून सुरुवात करून लांब लांब जात कापा, म्हणजे वायर कापलेल्या बाजूला मागे राहते.

गैरसमज ८ : पाच मिनिटांचं काम, चपलेवर चालतं.

वस्तुस्थिती : ४५ सेंटीमीटरचं पातं मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होतो. त्या वेगाने उडालेला खडा खिडकीची काच फोडतो. डोळ्याचं काय होईल, ते सांगायला नको. आधी अंगणात फिरून खडे, खिळे, मुलांची खेळणी, पाण्याची नळी उचला. बंद बूट, लांब पँट आणि चष्मा घाला. मुलं आणि कुत्रा घरात ठेवा. उतारावर ढकलायचं मशीन वर-खाली न नेता आडवं न्या, म्हणजे पाय घसरला तरी पाऊल पात्याखाली जात नाही. मशीन गवताने तुंबलं तर आधी ते बंद करून वायर, बॅटरी किंवा प्लगची टोपी काढा, पातं थांबू द्या, आणि मगच काठीने साफ करा. माळीदादा कापणी करत असतील तर बूट आणि चष्मा त्यांना आपण आणून द्यावा. ती आपली जबाबदारी आहे.

माझी हिरवळ त्या मेनंतर भरून यायला पूर्ण पावसाळा गेला. हरळी होती म्हणून आली. जमिनीखालच्या खोडांतून तिने पुन्हा डोकं वर काढलं. भाद्रपदात दूर्वा काढताना आम्ही कोवळे शेंडे तेवढे खुडतो आणि बूड तसंच ठेवतो, म्हणून त्याच जागेवर पुढच्या वर्षी पुन्हा जुड्या मिळतात. आता मशीन काढण्याआधी मी पट्टी घेऊन अंगणात वाकतो, चार ठिकाणी उंची मोजतो, आणि वरचा तिसरा हिस्साच काढतो.