एक्स्प्लेनर : कुंभाच्या गर्दीसाठी चारपैकी कोणता मार्ग? संगणकाचं उत्तर कधी खरं मानायचं?

नाशिक : २७ ऑगस्ट २००३. शाही स्नानाच्या दिवशी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर, सरदार चौकात चेंगराचेंगरी झाली. ३९ भाविकांचा जीव गेला. आता २ ऑगस्ट २०२७ ला पुढच्या सिंहस्थातलं पहिलं अमृत स्नान आहे. गर्दी कुठून आणायची आणि कुठून बाहेर काढायची, हे खऱ्या माणसांवर प्रयोग करून ठरवता येत नाही. अशा वेळी कामी येतं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर चालवलेली आभासी गर्दी.

समजा, चार आराखडे आहेत आणि प्रत्येक पाच वेळा चालवला. घाटावर पोहोचायला एकात सरासरी २२ मिनिटं लागली, दुसऱ्यात २४. मग पहिलाच चांगला? थांबा. आभासी भाविक प्रत्येक फेरीत वेगळ्या वेळी, वेगळ्या संख्येने येतात, म्हणून निकालही हलतो. हा चढउतार (प्रमाण विचलन) ८ मिनिटांचा असेल, तर पाच-पाच फेऱ्यांवरून काढलेल्या फरकात पाच मिनिटांची चूक सहज होते. दोन मिनिटांची आघाडी निव्वळ नशिबाचीही असू शकते.

मग फेऱ्या किती हव्यात?

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ रॉबर्ट बेकहोफर यांनी १९५४ मध्ये यावर पद्धत मांडली. दोन गोष्टी आधीच ठरवा : किती फरक तुमच्यासाठी महत्त्वाचा आणि किती खात्री हवी. वरच्या उदाहरणात किमान २ मिनिटांचा फरक आणि ९५ टक्के खात्री हवी असेल, तर प्रत्येक आराखड्याच्या १३७ फेऱ्या लागतात (चढउतार सगळीकडे सारखा धरून). एकाच मिनिटाचा फरक पकडायचा? मग थेट ५४५.

पण सगळ्यांना सारख्या फेऱ्या कशाला? चुन-हुंग चेन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवलं, की उघडपणे मागे पडलेल्यांवर थोडा वेळ घालवावा. चुरशीच्या आणि जास्त चढउताराच्या पर्यायांना जास्त फेऱ्या द्याव्यात.

खरा वाद मात्र मोजायचं काय, यावर व्हायला हवा. सरासरी मिनिटं सोयीची, पण चेंगराचेंगरी सरासरीत दिसत नाही. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं किती वेळा अडकली, हा आकडा जास्त कामाचा.

शिवाय २ ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा. गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं, तर घाटाची जागाच कमी होते. तो दिवस मॉडेलमध्ये घातलाच नसेल, तर ५४५ फेऱ्यांतही तो दिसणार नाही.