सायकलवरून दिसलेले फेरारा

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. मी त्याच पुण्यात वाढलो. शाळा, कॉलेज आणि नगररचना खात्यातल्या नोकरीची पहिली कितीतरी वर्षे सायकलवरूनच गेली. मग रस्त्यांवर वाहने वाढली, घरच्यांनी धसका घेतला आणि एके दिवशी माझी सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. त्यामुळे इटलीतल्या फेरारा या गावी दुकानदाराने पुढे टोपली लावलेली एक काळी सायकल भाड्याने माझ्या हाती दिली, तेव्हा मनात पहिला विचार आला, की आपण पडलो तर उचलायला कोण आहे? वय बासष्ट, आणि सोबत कोणी नाही.

पडलो नाही, पण चुकलो. आपल्या सवयीने मी डाव्या बाजूने निघालो. समोरून सत्तरी ओलांडलेल्या एक बाई हँडलला भाजीच्या पिशव्या अडकवून ऐटीत येत होत्या. मला पाहून त्यांनी घंटी वाजवली, थांबल्या आणि हाताने खूण केली, उजवीकडून! मी हात जोडले. त्या हसल्या आणि गेल्या. इटलीत वाहने उजवीकडून चालतात हे वाचलेले होते, पण पायांना ते ठाऊक नव्हते.

बोलोन्याहून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासात फेरारा येते. पो नदीच्या सपाट मैदानात हे गाव वसले आहे, चढ म्हणून नाही. जुन्या शहराला सुमारे ९ किलोमीटरची तटबंदी आहे, आणि तिच्यावरून व तिच्या पायथ्यानेही सायकल नेता येते. आत कुठेही भरकटा, सरळ जात राहिलात की तट आडवा येतोच. एकट्या प्रवाशाला याहून मोठा दिलासा नाही. इथे वकील, विद्यार्थी, आजीबाई सगळेच सायकलवर दिसतात. त्यासाठी वेगळा पोशाख नाही की डौल नाही.

पण नुसत्या सपाटीने शहर सायकलीचे होत नाही. त्याला रस्ताही तसा लागतो. तो इथे कसा आला, ही गोष्ट पाचशे वर्षांची आहे.

फेरारावर एस्ते घराण्याचे राज्य होते. गावाच्या मधोमध त्यांचा किल्ला आहे. चार बुरूज आणि भोवती अजूनही पाण्याने भरलेला खंदक. करांवरून प्रजा खवळून उठली, तेव्हा १३८५ साली तो बांधायला घेतला, म्हणजे स्वतःच्याच लोकांपासून बचाव करण्यासाठी! किल्ल्याच्या दक्षिणेला मध्ययुगीन गाव आहे, अरुंद आणि वळणावळणाचे. व्हिया देल्ले व्होल्ते या गल्लीत तर डोक्यावरून कमानी जातात आणि खालच्या गोट्यांच्या फरशीवर दात वाजतात.

किल्ला ओलांडून उत्तरेला गेलात, की शहर एकदम बदलते. रस्ता सरळ, रुंद, दोन्हीकडे बागांच्या भिंती. व्हेनिसशी झालेल्या युद्धानंतर शहराच्या संरक्षणाची निकड भासली आणि १४९२ पासून ड्यूक एर्कोले पहिला याने वास्तुविशारद बियाज्यो रोसेत्ती याच्याकडून शहराचा विस्तार करवला. शहराचे क्षेत्र दुपटीहून अधिक वाढले. नव्या भागात रोसेत्तीने आधी रस्ते आखले, मग त्यांच्या चौकांवर वाडे उभे राहिले. त्यांतला पालात्झो देई दियामांती हा वाडा सायकल थांबवून पाहावा असा आहे. हिऱ्यासारखे टोक काढलेले सुमारे ८,५०० संगमरवरी दगड त्याच्या भिंतीवर बसवले आहेत. ऊन सरकते तशी त्यांची सावलीही सरकते. स्विस इतिहासकार बर्कहार्ट याने फेराराला युरोपातले पहिले आधुनिक शहर म्हटले, ते या आखणीमुळेच. १९९५ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

पुढे १५९८ मध्ये एस्तेंना वारसाच्या प्रश्नावरून शहर सोडावे लागले आणि फेरारा पोपच्या राज्यात गेले. दरबार गेला आणि वाढ खुंटली. रोसेत्तीने आखलेल्या कित्येक जागा रिकाम्या राहिल्या त्या राहिल्याच. त्यामुळे आजही तटाच्या आत मळे आणि हिरवळ दिसते. गावाचे दुर्दैव असे सायकलस्वाराच्या पथ्यावर पडले.

त्याच १४९२ साली आणखी एक गोष्ट घडली होती. स्पेनने आपल्या ज्यूंना हाकलून लावले, आणि एर्कोलेने त्यांतल्या काहींना फेरारात बोलावून आसरा दिला. एकाच वर्षी शहराने रस्त्यांना जागा केली आणि माणसांनाही. नगररचनेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून बरे वाटले. पण ते फार टिकले नाही. पोपच्या अमलात १६२७ मध्ये ज्यूंना वेगळ्या वस्तीत कोंडले गेले आणि रात्री तिचे दरवाजे बंद होऊ लागले. आज त्या वस्तीतला व्हिया मात्झिनी हा रस्ता दुकानांनी गजबजलेला आहे. तिथल्या सिनेगॉगच्या भिंतीवर छळछावण्यांत नेलेल्या फेरारावासीयांची नावे कोरलेली आहेत. मी सायकल हातात धरून ती वाचली. आडनावे तीच तीच येत होती, म्हणजे कुटुंबेच्या कुटुंबे.

ज्योर्जो बास्सानी हा लेखक याच शहरात वाढला. त्याची 'फिंझी-कोंतिनींची बाग' ही कादंबरी १९६२ ची. १९७० मध्ये देसिकाने तिच्यावर चित्रपट काढला आणि त्याला ऑस्कर मिळाले. १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनंतर ज्यू तरुणांना टेनिस क्लबातून काढले जाते आणि ते सायकली घेऊन एका श्रीमंत ज्यू कुटुंबाच्या बागेत खेळायला जातात, असे तिच्यात घडते. ती बाग शोधत लोक आजही एर्कोलेच्या नावाच्या त्या सरळ रस्त्यावर येतात. मीही सायकल संथ करून भिंतींवरून डोकावत गेलो. बाग सापडत नाही, कारण ती लेखकाच्या मनातली आहे.

खरे आहे ते तटाजवळचे ज्यू दफनभूमीचे फाटक. मी पोचलो तो शनिवार होता, त्यांचा शब्बाथचा दिवस. फाटक बंद. रविवारी पुन्हा गेलो, घंटा वाजवली, डोके झाकून आत शिरलो. उंच गवत, जुने दगड, आणि २००० साली वारलेल्या बास्सानीचे थडगे. अर्धा तास मी तिथे एकटाच होतो. सोबतीला कोणी असते तर बोललो असतो. त्या दिवशी न बोलणेच बरे वाटले.

परतताना किल्ल्याच्या खंदकाशी थांबलो. १५ नोव्हेंबर १९४३ च्या पहाटे फॅसिस्टांनी शहरात अकरा जणांना गोळ्या घातल्या, त्यांतल्या बहुतेकांना याच बुटक्या कठड्यापाशी. तिथे आता सायकली टेकवलेल्या असतात. कोपऱ्यावरच्या पाट्या वाचायला मोटारीतून वेळ मिळत नाही. सायकलवरून उतरायला एक पाय टेकवला की पुरते.

जायचे असेल, तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर निवडा. उन्हाळ्यात दमट उकाडा आणि डास, हिवाळ्यात दाट धुके. टोपलीत पाण्याची बाटली ठेवा आणि कुलूप मात्र न विसरता लावा. शाकाहारी मंडळींनी लाल भोपळ्याचे सारण भरलेले काप्पेल्लाच्ची मागवावेत. त्यावर मांसाचा रस्सा नको, लोणी चालेल, हे आधीच सांगावे.

पुण्याला परतल्यावर मी जिन्याखालची सायकल बाहेर काढली. दोन्ही टायर बदलावे लागले. आता रविवारी सकाळी, रस्ते जरा मोकळे असतात तेव्हा, तासभर चालवतो. बाकीच्या सहा दिवसांसाठी आपल्याकडे जागा कोणी आणि कशी करायची, हा प्रश्न मला नोकरीत असताना पडायला हवा होता.