हेमिसचा हिमबिबट्या



आमचे धाकटे चुलते सैन्यात आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांची नेमणूक लडाखमध्ये लेह येथे होती. लेहच्या जवळ हेमिस नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. हिवाळ्यात अण्णा ते बघायला गेले होते. सुट्टीवर आले तेव्हा जेवणं झाल्यावर त्यांनी आम्हांला सगळं सांगितलं. तेच मी इथे लिहीत आहे.

उद्यान म्हटल्यावर मला वाटलं, तिथे झोपाळे आणि घसरगुंडी असणार. अण्णा खूप हसले. राष्ट्रीय उद्यान म्हणजे वन्य प्राण्यांसाठी सरकारने राखून ठेवलेला मुलूख. हेमिसचे उद्यान १९८१ साली झाले. ते सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर आहे. भारतातले ते सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान. तिथल्या हेमिस मठावरून हे नाव पडले.

आपल्या महाराष्ट्रात सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. आणि लेह गाव सुमारे ३,५०० मीटरवर आहे! म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी लेह वरच राहते. इतक्या उंचावर हवा विरळ असते. श्वास पुरत नाही, डोके दुखते. म्हणून तिथे पोचल्यावर पहिले दिवस विश्रांतीच घ्यावी लागते. आमचे अण्णा तालमीतले, पण त्यांनाही जिना चढताना धाप लागली.

तिथे पाऊस वर्षाला साधारण १०० मिलिमीटर पडतो. आपल्या घाटमाथ्यावर आषाढात एका दिवसात एवढा पडतो. म्हणून तिथे दाट झाडी नाही. नुसते दगडाचे डोंगर, मधे मधे थोडे गवत आणि हिवाळ्यात बर्फ. मी विचारलं, मग प्राणी खातात काय? ते गवतच भरल खातात. भरल म्हणजे रानटी मेंढ्यासारखा प्राणी. त्याचा रंग दगडासारखा राखाडी असतो, बसला तर दिसतच नाही. आणि भरलांना खातो हिमबिबट्या. गवत थोडे म्हणून भरल विखुरलेले, आणि भरल विखुरलेले म्हणून हिमबिबट्याला फार मोठा मुलूख फिरावा लागतो. तिथे लांडगे, कोल्हे आणि मोठी गिधाडेही आहेत.

अण्णा रुंबक नावाच्या गावात एका घरी राहिले. हे गाव उद्यानाच्या आतच आहे. तिथले लोक पाहुण्यांना घरात ठेवून घेतात आणि त्याचे पैसे मिळतात. पाहुणे पाळीपाळीने एकेका घराला देतात, म्हणजे भांडण नको. चहात मीठ आणि लोणी घालतात. हे ऐकून आजी म्हणाली, "शी, बाई!"

दोन दिवस नुसते पायांचे ठसेच दिसले. तिसऱ्या दिवशी वाटाड्याने दुर्बीण लावून दिली. समोरच्या कड्यावर सगळे भरल एकाच बाजूला बघत उभे होते. अण्णांना आधी काही दिसेना. मग एक दगड हलला, तोच हिमबिबट्या! शेपूट जवळजवळ अंगाएवढं लांब. कड्यावर तोल सांभाळायला आणि थंडीत अंगाभोवती घ्यायला ते उपयोगी पडतं. तो वाघासारखी डरकाळी फोडत नाही. २०२४ साली मोजणीचे आकडे जाहीर झाले. भारतात ७१८ हिमबिबटे आणि त्यांतले ४७७ लडाखमध्ये.

इथे आजी मधेच उठून गेली. बिबट्याचं नाव काढलेलं तिला खपत नाही. कारण मागच्या साली बिबट्याने आमची चांदी शेळी नेली. पत्रा आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून तो आत आला होता. मी तीन दिवस रडले. आजी म्हणते, "बिबट्या मारलाच पाहिजे. मग तो बर्फातला असू दे नाहीतर उसातला."

अण्णांनी आजीला हाक मारून परत बसवलं. म्हणाले, "आई, पुढचं तर ऐक." रुंबकच्या त्या घरातल्या बाई पण असंच म्हणत असत. हिमबिबट्या मेंढ्यांच्या वाड्यात वरून उडी टाकतो. मेंढ्या कोंडलेल्या असतात, सैरावैरा धावतात. मग तो एक मारून थांबत नाही, एका रात्रीत कितीतरी मारतो. पूर्वी लोक चिडून त्यालाच मारत. मग कितीतरी वाड्यांना वरून तारेची जाळी बसवली आणि दार घट्ट केले. आता हिमबिबट्या दिसावा म्हणून लांबून पाहुणे येतात, आणि त्या बाईंना त्याचेच पैसे मिळतात.

आजी म्हणाली, "आपल्याकडं कोण येतंय बिबट्या बघायला पैसे देऊन?" अण्णांना उत्तर देता आलं नाही. मला पण नाही.

पण दुसऱ्या दिवशी अण्णांनी बाजारातून जाळी आणली. मी खिळे धरले, त्यांनी ठोकले. फट सगळी बुजवली, दाराला आतून लोखंडी पट्टी लावली. आजी काही बोलली नाही, पण संध्याकाळी तिनेच शेळ्या आत बांधल्या आणि जाळी ओढून बघितली. थोडी जाळी उरली आहे. ती आमच्या पडवीत आहे. कुणाच्या गोठ्याला फट असेल तर आजीकडून घेऊन जा.